उजेडाची पट्टी

परवेझने कॅमेरा बसवून दिला तेव्हाच बजावलं होतं, की ह्या यंत्राला दोन गोष्टी एकदम दिसत नाहीत. "सावलीतलं बघायला जाशील तर ऊन जळून पांढरंफेक हुईल. उन्हातलं बघशील तर सावली काळीठिक्कर. काय बघायचं ते तुझं तू ठरव, आदिनाथ." आदिनाथने मान डोलावली होती. नवी वस्तू घेताना माणूस मान डोलावतोच.

परवेझचं पाथर्डीत स्टँडमागे मोबाईलचं दुकान. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमारास असल्या कॅमेऱ्यांना त्याच्याकडे चांगलं गिऱ्हाईक असतं. आत सिमकार्ड, वर उन्हावर चालणारी पाटी, लाईट गेली तरी अडत नाही. नवरा-बायको कोयते, भांडी, गोधड्या ट्रॅक्टरवर लादून सहा महिन्यांसाठी सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि मागे वस्तीवर म्हातारी माणसं उरतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला हा काचेचा डोळा. लक्ष ठेवून तीनशे किलोमीटरवरून करणार काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

आदिनाथचा कॅमेरा गोठ्याच्या तोंडाशी, लोखंडी खांबावर होता. म्हातारीचा दिवस तिथेच जायचा म्हणून तिथे. चित्राच्या डाव्या अर्ध्यात गोठ्याचा अंधार, उजव्या अर्ध्यात अंगण आणि अंगणापलीकडे घराचं दार. फोनवर बोट टेकवलं की खाली एक पट्टी यायची, तिच्यावर इवलासा सूर्य. सूर्य उजवीकडे सरकवला की गोठ्यातल्या कडब्याची काडी न् काडी दिसायची आणि अंगण पुसून जायचं. डावीकडे सरकवला की अंगण दिसायचं आणि गोठा मिटायचा. परवेझ त्याला एक्स्पोजर म्हणायचा. आदिनाथ म्हणायचा उजेडाची पट्टी.

कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय होती, आणि बनुबाईचा, म्हणजे त्याच्या आईचा, जीव त्या सोयीवरच होता. खांबातून "आये" अशी हाक आली की म्हातारी असेल तिथून उठायची आणि थेट खांबापाशी यायची. डोळ्यांत मोतीबिंदू, कानाने कमी, त्यामुळे अगदी काचेला नाक लागेल इतकी जवळ. मग दोन्ही हात खांबावरून उतरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची, लेकाची अलाबला घ्यायची. दसऱ्याला कोयत्यांबरोबर तिने खांबालाही हळदकुंकू वाहिलं होतं. हापशावर भेटेल त्या बाईला सांगायची, "माझ्या लेकानं मला बघाया डोळा लावलाय. शेरडाकरडासाठी न्हाई, माझ्यासाठी."

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. सांगलीकडच्या एका फडात आदिनाथ चहापुरता ट्रॉलीच्या सावलीला टेकला होता. त्याची बायको रेश्मा पलीकडे मोळ्या बांधत होती. गुरुवारचं व्रत तिचं, पण ती फडात, म्हणून सासूबाई दर गुरुवारी सुनेच्या नावाने अंगण सारवायच्या, फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढायच्या, आणि लक्ष्मी आत यावी म्हणून घराचं दार सताड उघडं ठेवून कलशाला ताजं पाणी आणायला हापशावर जायच्या. आज ती पावलं बघावीत म्हणून आदिनाथने फोन उघडला.

पावलं दिसली. दार उघडं होतं. म्हातारी नव्हती, म्हणजे पाण्याला गेली असणार. पण कुत्रंही नव्हतं, आणि ते काल संध्याकाळपासूनच दिसत नव्हतं. शेळीचा फक्त पुढचा भाग उन्हात होता. दावं ताणून ती गोठ्याच्या बाहेर ओढ घेत होती, कान उभे, पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावलेलं नाही. खाणं सोडलेली शेळी त्याने जन्मात दोनदाच पाहिली होती. दोन्ही वेळा कारण वाईटच निघालं होतं.

त्याने सूर्य उजवीकडे सरकवला. अंगण फिकं पडलं, मग पांढरं झालं, मग घर, दार, पावलं सगळं त्या पांढऱ्यात गेलं. गोठा हळूहळू उघडला. गव्हाण दिसली. टोपली दिसली. मागच्या कोपऱ्यात कडब्याच्या आडोशाला एक पोतं पडलेलं दिसलं. तिथे पोतं कधी ठेवलं, असं तो मनात म्हणतोय तोवर पोत्याच्या शेपटीचं टोक हललं.

चहा त्याच्या पायावर सांडला. "रेश्मा!" एवढंच तो ओरडला.

रेश्मा धावत आली. तिने बघितलं आणि तोंडावर पदर दाबला. गर्भगिरीच्या डोंगरातून बिबटे वस्त्यांवर उतरतात हे दोघांनी ऐकलेलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि आपल्या गोठ्यात बसलेला बघणं वेगळं. आदिनाथने आईचा फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला, कारण तो नेहमीसारखा घरात फडताळात होता. मग शेजारच्या वस्तीवरच्या छगनला लावला. बोलताना कॅमेऱ्याचं चित्र गेलं, फोन एकच, एका वेळी एकच काम करणार.

"मी पाथर्डीत हाय रं," छगन म्हणाला. "निगतो. फॉरेस्टवाल्यांस्नी पन फोन करतो. अर्धा तास धर. तवर म्हातारीला आत बसव."

अर्धा तास. आदिनाथने फोन ठेवला आणि कॅमेरा पुन्हा उघडला. ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. आधी आवाज आला. रस्त्याने एखादा ट्रॅक्टर दणदणत चालला होता, तो लांब गेला. मग चित्र आलं, तसंच पांढरं. त्याने गोठ्याकडे बघितलंच नाही. बिबट्या कुठे आहे ते त्याला माहीत होतं, प्रश्न म्हातारीचा होता. त्याने घाईघाईने सूर्य मध्यावर आणला. गोठा काळा झाला आणि अंगणाच्या फाटकात डोक्यावर हंडा घेतलेली बनुबाई दिसली.

"थांबवा त्यास्नी," रेश्मा म्हणाली. "पन बिबट्याचं नाव काढू नगा. आत्याबाई शेळी सोडवाया जातील."

हे आदिनाथलाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी लांडग्याने करडू धरलं तेव्हा ह्याच बाईने विळा घेऊन त्याच्या मागे अर्धं शिवार पालथं घातलं होतं. त्यात रेंज अशी की चार शब्दांतले दोन पोचायचे. त्यातला 'शेळी' पोचला आणि 'जाऊ नको' गळाला तर संपलंच.

"आये," तो म्हणाला. "थांब तितंच."

आणि व्हायचं तेच झालं. म्हातारीने हंडा जागीच उतरवला, पदराला हात पुसले आणि हसत हसत खांबाकडे निघाली. गोठ्याच्या तोंडाकडे. त्या काळ्या अर्ध्याकडे. "आलास का लेकरा? बघितली का पावलं?" चेहरा मोठा होत होत काचेवर आला. हात वर गेले, बोटं कडाकड वाजली. तिच्या मागे दोन हातांवर अंधार होता.

"घरात जा, आये."

"जाती की. पयलं बघू तर दे मला. खाल्लंस का काय?"

"घरात जा म्हनलं ना!"

"लई वरडू नगं. रेश्मा बरी हाय नव्हं?" ती हलायला तयार नाही. तेवढ्यात अंधारातून शेळी ओरडली आणि बनुबाईची मान तिकडे वळली. "थांब, हिला पानी दावती आन् येती."

ह्या बाईला घरात घालवायचा एकच उपाय होता आणि तो आदिनाथला ठाऊक होता. म्हातारी भित्री नव्हती, लोभी नव्हती, पण मानी होती. एकदा रेश्मा नुसतं "तुमास्नी काय कळतंय" म्हणाली, तर आठ दिवस तिने वेगळी चूल मांडली होती. दुखावली की ती भांडायची नाही. आत जायची आणि दार लावून घ्यायची.

त्याने डोळे मिटले आणि शब्द गळू नयेत म्हणून एकेक तोडून बोलला.

"आये, ह्यो कॅमेरा तुझ्यासाठी न्हाई लावला. शेळीसाठी लावलाय. तुझं तोंड बघायचा कट्टाळा आलाय मला. जा आत. कवाड लावून बस."

रेश्माने त्याचा दंड घट्ट धरला.

काचेवरचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं. बनुबाईने मोडलेली बोटं हळूच मुठीत घेतली. ती वळली. हंडाही उचलला नाही. वाकून, पण ताठ मानेने ती अंगण ओलांडून गेली, उंबरा ओलांडला, आणि दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज फोनमधूनही ऐकू आला.

आदिनाथ ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला. त्याला रडू फुटलं आणि त्याची लाज वाटली नाही. "छगन्याला पोचू दे," तो म्हणाला. "मग पाया पडून सांगतो सगळं. दारात लोळन घेतो तिच्या."

"पयलं त्यो हाय का बघा," रेश्मा म्हणाली.

त्याने सूर्य उजवीकडे सरकवला. अंगण पांढरं झालं, गोठा उघडला. गव्हाण. टोपली. शेळी दावं सैल सोडून उभी होती, कान खाली, आणि कडबा खात होती. मजेत खात होती. कोपऱ्यात कडब्याचा आडोसा होता आणि आडोशाला काहीच नव्हतं.

"गेला," रेश्मा म्हणाली. "ट्रॅक्टरच्या आवाजानं गेला असंल. देव पावला."

आदिनाथ वेळेचा हिशोब लावत होता. ट्रॅक्टर गेला तेव्हा छगनचा फोन नुकताच संपला होता, आणि चित्र आलं तेव्हा अंगण पांढरंफेक होतं. त्या पांढऱ्यातून काय गेलं ते कुणालाच दिसलं नसतं. त्याने सूर्य डावीकडे घेतला. मध्यावर न थांबता आणखी डावीकडे, एकेक खूण. गोठा मिटला. अंगण दिसलं, मग आणखी गडद झालं, सारवणावरचे हाताचे फराटे दिसायला लागले. लक्ष्मीची पावलं ठळक झाली, फाटकापासून उंबऱ्यापर्यंत, जोडीजोडीने.

मग दुसरी दिसायला लागली. ती रांगोळीची नव्हती. ओल्या सारवणात रुतलेली, गोल, चार बोटांची. गोठ्याच्या तोंडातून निघून ती लक्ष्मीच्या पावलांना मिळाली होती आणि त्यांच्याच बाजूने उंबऱ्यापर्यंत गेली होती. परतीचं एकही नव्हतं. शेवटच्या ठशावर आईच्या अनवाणी पायाचा ठसा पडला होता.

"आये!" त्याच्या ओरडण्याने फडातले सगळे कोयते थांबले. "आये, भाईर ये! घरात हाय त्यो! भाईर ये, आये!"

आवाज खांबातून तुटत तुटत अंगणात गेला. आड दगडी भिंत, बंद दार, आणि आत कमी ऐकणारी दुखावलेली म्हातारी. तिला एवढंच कळलं असेल, की लेक पुन्हा ओरडतोय.

बऱ्याच वेळाने दाराआडून तिचा आवाज आला, रडून जड झालेला.

"न्हाई येत. तुझी शेळी हाय नव्हं तितं, तिला बघ. म्या कडी लावलीय."