गैरहजेरीचं कारण

इस्पितळाच्या पेन्शन विभागातल्या कारकुनाला सगळी कचेरी पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायची. एका स्वल्पविरामापायी त्याने एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा अर्ज परत धाडला होता, आणि त्याचा त्याला अजूनही अभिमान होता. नियम म्हणजे नियम. समोर सख्खा मेव्हणा का असेना!

आज त्याच्यासमोर ताईंचा अर्ज होता. ताई म्हणजे अँब्युलन्सवरच्या सगळ्यात जुन्या नर्स. स्ट्रेचर उचलून उचलून त्यांची पाठ कामातून गेली होती, आणि उद्यापासून गाडीवर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीवर पंचवीस वर्षं भरली तर पूर्ण पेन्शन आणि जन्मभर मोफत उपचार. नाही भरली तर निम्मी पेन्शन, आणि पाठीचं ऑपरेशन स्वतःच्या खिशातून. ताईंचे एकेचाळीस दिवस कमी पडत होते.

"एकेचाळीस गैरहजेऱ्या, ताई. एवढ्या दांड्या मारल्यात कधी?"

"दांड्या? अहो, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीवर होते. नवरा अजून टोमणे मारतो."

त्याने जुनी हजेरीबुकं काढली. एकेचाळीस रिकाम्या चौकटी, प्रत्येकीत एक लाल रेघ. पट्टी लावून मारलेली, दोन्ही टोकं चौकटीला नेमकी टेकलेली. ही रेघ मारणारा माणूस त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता. तेव्हा हजेरीच्या खिडकीत तोच बसायचा. आठ वाजून पाच मिनिटं झाली की रिकाम्या चौकटीत रेघ, बुक कपाटात आणि कपाटाला कुलूप.

"पण सही का नाही केलीत?"

"फोन आला की आधी गाडी, भाऊसाहेब. सही नंतर. परत यावं तर तुमचं कुलूप. मग गाडीतलं रक्त धुवायचं, की तुमच्या विनवण्या करत बसायचं?"

ताई हे हसत हसत म्हणाल्या, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

तो उठला आणि अंगण ओलांडून अपघात विभागातून रुग्ण सोपवल्याच्या वह्या घेऊन आला. जेवणाचा डबा तसाच राहिला. एकेका तारखेवर बोट ठेवून तो वाचू लागला. पहिली लाल रेघ: भिंत कोसळली, तीन माणसं, तिघंही जिवंत. दुसरी: गाडीतच बाळंतपण, आई आणि मुलगी सुखरूप. तिसरी: तळ्यात बुडालेला शाळकरी मुलगा, पोचेपर्यंत छाती दाबत आणला. सगळेच काही वाचले नव्हते. पण जिथे माणूस सोपवायचा, तिथे ताईंनी सही कधीच चुकवली नव्हती. एकेचाळीसच्या एकेचाळीस सह्या त्या वह्यांत होत्या.

स्वल्पविरामाला स्वतःच्या सुबक रेघांची लाज वाटली. एवढं मोठं माणूस रोज खिडकीसमोरून धावत जात होतं, आणि आपण घड्याळ बघत होतो! त्याने दुरुस्तीचा कागद घेतला. 'गैरहजेरीचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'कामावर होत्या.' खाली लिहिलं, 'चूक माझी,' आणि सही ठोकली.

आता अर्जावर आजच्या तारखेत ताईंची सही तेवढी हवी होती. त्याने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी कागद वाचला, डोळे पुसले, पेन हातात घेतलं. तेवढ्यात अंगणात अँब्युलन्सची घंटा वाजली.

पेन टेबलावर पडलं. ताई एक हात कमरेवर ठेवून दाराबाहेर.

"अहो ताई, सही! नुसती सही करून जा!"

"आल्यावर!"

गाडी फाटकातून निघून गेली. पाच वाजले. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. "साहेब, कपाटं लावू?"

"राहू दे उघडी."

"पण पाच वाजले."

"वाजू देत," स्वल्पविराम म्हणाला आणि खुर्चीत नीट टेकून बसला. "ताई कामावर आहेत. आल्या की सही करतील."