धुतलेले व्हॉल्व्ह

रविवारी भंगारवाला येणार, हे भाच्याने दारातूनच जाहीर केलं आणि आत्याचं डोकं सणकलं.

"कुणाच्या खोलीत?"

"आत्या, ऐक ना. तुला नीट दिसत नाही, हात थरथरतात. रेडिओच्या या जुन्या व्हॉल्व्हवरचे नंबर केव्हाच उडालेत, नुसत्या काचेच्या बाटल्या झाल्यात. म्हणून तर तुला ती आरामखुर्ची आणली. बस की जरा स्वस्थ!"

आत्याने उभी हयात या खोलीत रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली होती. त्या मऊमऊ खुर्चीत ती एकदाही टेकली नव्हती; तिच्यावर तिने जुन्या तारांची भेंडोळी टाकली होती. स्टुलावरूनच ती म्हणाली, "फळीवरचा तुझ्या आजोबांचा रेडिओ बंद आहे ना? रविवारी वाजवून दाखवते. वाजला तर या खोलीकडे ढुंकूनही बघायचं नाहीस."

"आणि नाही वाजला तर?"

"तर मलाही घाल भंगारात!"

भाचा हसत 'कबूल' म्हणाला. दिवटा कुठला!

रेडिओचा एकच व्हॉल्व्ह गेला होता, आवाज मोठा करणारा. तसलाच दुसरा जुन्या व्हॉल्व्हच्या खोक्यात नक्की होता. तो शोधायची रीत आत्याला वडिलांनी शिकवलेली: काचेवर तोंडाची गरम वाफ सोडायची आणि व्हॉल्व्ह खिडकीशी तिरका धरायचा. उडालेला नंबर क्षणभर उमटतो. वाफ सोडायला आत्या खंबीर होती, वाचायला डोळे हवे होते.

भाचेसून म्हणाली, "मी वाचते. खोली गेली तर तुम्ही दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसून चुका काढाल. ते मला झेपायचं नाही." आत्याला ही पोरगी यासाठीच आवडायची.

रविवारी सकाळी सुनेने मोठ्या कौतुकाने परात पुढे ठेवली. तिच्यात खोक्यातले सगळे व्हॉल्व्ह लखलखत होते. "साबणाने घासले, आत्या. आता कसे स्पष्ट दिसतील नंबर!"

आत्याने एकावर वाफ सोडली. कोरी काच. दुसरी कोरी. सगळ्याच कोऱ्या.

"अगं बाई, काय करून बसलीस! उरलासुरला रंग त्या धुळीतच होता ना! कुणाला फडकं लावू दिलं नाही, घाणेरडी म्हणवून घेतलं, ते काय हौस म्हणून?"

सुनेला रडूच फुटलं. खोली हातची जाणार, असं आत्यालाही पहिल्यांदाच वाटलं आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

"पूस डोळे! बाजारात नवरा हरवला तर त्याचं ओळखपत्र बघून शोधतेस का? तोंड बघूनच ना?" तिने गेलेला व्हॉल्व्ह सुनेच्या हातात दिला. "काचेतून आत बघ. पत्रा काळा की करडा? कडा कशा दुमडल्यात? खालच्या पिना बघ. असाच दुसरा काढ."

सुनेने परात उपसली. हुबेहूब असे दोन निघाले.

"सख्खे भाऊ," आत्या म्हणाली. "पण एकाला विजेचा दाब दुप्पट लागतो. आपल्याला कमीवाला हवाय." तिने दोघांनाही कमीच दाब दिला. एक जेमतेम लालसर झाला. दुसऱ्याची तार छान नारिंगी पेटली. "ये रे माझ्या राजा!"

बाकीचे व्हॉल्व्ह परत खोक्यात गेले आणि हा रेडिओत बसतो न बसतो तोच भाचा भंगारवाल्याला घेऊन हजर. आत्याने बटण फिरवलं. रेडिओ गप्प.

"बघ," भाचा म्हणाला. "उचला हो ते खोकं."

आत्याने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. "तापायला वेळ लागतो त्याला! थांब जरा!"

सगळे थांबले. भंगारवाला खोकं पोटाशी धरून उभा राहिला. मग घूं झालं, खरखर झाली आणि कुणीतरी खणखणीत आवाजात उद्याचं हवामान सांगू लागलं. सून टाळ्या पिटत सुटली. आत्याचे डोळे भरून आले. ते तिने पुसले नाहीत.

भंगारवाल्याने खोकं खाली ठेवलं. "मग मी काय नेऊ, आजी? माझी फेरी फुकट गेली की!"

"फुकट कशाला?" आत्याने आरामखुर्चीवरची भेंडोळी उचलून काखेत मारली. "ही ने."

"आत्या!" भाचा ओरडला. "नवीकोरी आहे ती!"

"असणारच," आत्या म्हणाली. "बसलंय कोण तिच्यात?"