पुसायचं की नाही

मित्रांनो, रस्त्याकडेला गवतावर एक मोडकी खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर तळहाताएवढं काळं यंत्र दिसतंय का? तो मी. मी एक जुना रेकॉर्डर आहे. उद्या सकाळी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी येईल आणि इथला सगळा ढीग उचलून नेईल. तोवर माझी गोष्ट ऐकून घ्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकलं, आज मला बोलायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलं होतं. ती पट्टी केव्हाच निघून गेली. माझे पहिले मालक निवृत्त शिक्षक होते. ते बागेत बसून माझ्यात पाखरांचे आवाज साठवायचे. ते गेल्यावर घरच्यांनी मला असंच ढिगात ठेवलं. सिडनीत वापरलेलं सामान घराबाहेर मांडतात आणि ज्याला हवं तो ते घेऊन जातो. पेंडल हिल या उपनगरातल्या त्या ढिगातून प्रल्हादने मला उचललं. तो आणि त्याचा रूममेट यतीन खरं तर गादी शोधायला आले होते. गादी मिळाली नाही, मी मिळालो.

प्रल्हाद तेव्हा युनिमध्ये शिकत होता आणि संध्याकाळी एका शॉपिंग सेंटरमध्ये ट्रॉल्या गोळा करायचा. पण हे त्याचं वरवरचं काम. खरं काम तो कपड्यांच्या कपाटात बसून करायचा. दुपारी घर रिकामं असलं की तो मला घेऊन कपाटात शिरायचा, दार लावून घ्यायचा आणि मराठीत रॅप करायचा. आईने सामानात एक लोखंडी खलबत्ता दिला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तो काय आहे हे समजावताना प्रल्हादला घाम फुटला होता. त्याच खलबत्त्यावर तो ठेका धरायचा आणि रॅपरांच्या रिवाजाने स्वतःला ‘एमसी खलबत्ता’ म्हणवून घ्यायचा. कपाटात बुटांचा वास असायचा, हँगर त्याच्या डोक्याला लागायचे, आणि मी त्याच्या गुडघ्यावर बसून एकेक शब्द टिपायचो.

त्याची गाणी विचित्र होती, हे मी मान्य करतो. एक गाणं राइस कुकरच्या शिट्टीवर होतं, म्हणजे राइस कुकरला शिट्टी का नसते या तक्रारीवर. एकात सहा जण मिळून एकच इस्त्री केलेला शर्ट सहा इंटरव्ह्यूंना घालून जातात. आठवं गाणं मला सगळ्यात आवडायचं. तेव्हा परदेशी विद्यार्थ्याला पंधरवड्यात चाळीस तासच काम करायची परवानगी होती. त्या गाण्याचं नाव होतं ‘एकेचाळिसावा तास’.

एकेचाळिसाव्या तासाला मी काम नाही केलं,
ट्रॉलीच म्हणाली फिरू या, म्हणून तिला नेलं!

गंमत म्हणजे हा तास त्याने कधी केलाच नव्हता. त्या महिन्यात त्याला धड वीस तासही मिळाले नव्हते. लोकांना हसवायला त्याने तो पदरचा घातला होता. पण लोक हसले नाहीत, कारण लोकांनी ऐकलंच नाही. बारा गाणी त्याने नेटवर टाकली. सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं सदतीस वेळा ऐकलं गेलं आणि त्यातल्या निम्म्या वेळा ऐकणारा तोच होता.

एकदाच तो लोकांसमोर उभा राहिला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, एका शाळेच्या हॉलमध्ये, जेवणाआधी त्याला पाच मिनिटं दिली होती. प्रल्हादने आठवं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला कुणीतरी मागून सांगितलं की मसालेभात आला आहे. हॉल बघता बघता रिकामा झाला. माझ्यात ते सगळं जसंच्या तसं आहे: खुर्च्या सरकल्याचा आवाज, थाळ्यांचा आवाज, आणि त्यातही न थांबता गाणारा माझा मालक. शेवटी एक लहान मुलगी हसते. पुढे जमिनीवर एकटीच बसली होती ती, जेवायला गेलीच नाही. माझ्यातलं कपाटातलं आठवं गाणं काढून त्याने हेच त्या जागी ठेवलं, आणि ते हसू तो कपाटात बसून पुन्हापुन्हा ऐकायचा. त्या दिवसांत माझ्याइतका सुखी रेकॉर्डर साऱ्या सिडनीत नसेल.

मग पीआरचा, म्हणजे या देशात कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज भरायची वेळ आली. यतीनला नुकतंच पीआर मिळालं होतं, त्यामुळे तो सगळ्यांना सल्ले देत फिरायचा. त्याने प्रल्हादला बसवून सांगितलं, “इमिग्रेशन डिपार्टमेंटवाले सगळं चेक करतात, मेट. मराठी येणारी माणसं ठेवलीयेत त्यांनी. तू चक्क गाण्यात एकेचाळिसावा तास कबूल केलायस.”

प्रल्हादचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीतरी साहेब कानाला हेडफोन लावून आपलं गाणं शब्द न् शब्द ऐकतोय, असं त्याला दिसायला लागलं. तसं झालं असतं तर एवढं मन लावून ऐकणारा तो पहिला मोठा माणूस ठरला असता. पण हसायची ती वेळ नव्हती. त्याने त्याच दुपारी बाराही गाणी नेटवरून काढून टाकली. लॅपटॉपमधली पुसली. माझ्यातली मात्र पुसली नाहीत. मला त्याने जाड मोज्यात गुंडाळलं, खलबत्त्यात ठेवलं आणि तोंड जवळ आणून म्हणाला, “पीआर येऊ दे. मग पुन्हा बसू.”

मित्रांनो, मी त्या शब्दावर विसंबलो. पीआर आलं. त्याने खलबत्त्यातून मला काढलं, मला वाटलं आता कपाटात जायचं. त्याने मला पुस्तकांमागे फळीवर ठेवलं आणि खलबत्ता स्वयंपाकघरात नेला. त्याला पॅरामॅटात नोकरी लागली. चित्रलेखाशी त्याचं लग्न झालं. पुढे नागरिकत्वही मिळालं, त्या दिवशी घरी केक कापला. दर वेळी मी कान टवकारून बसायचो. माझे सेल त्याने कधीच काढून घेतले होते, पण सेल नसले तरी मला ऐकू येतं, फक्त साठवता येत नाही. भीतीपोटी तो गप्प होता तोवर मी त्याला समजून घेतलं. भीती गेल्यावरही तो आला नाही, तेव्हा मी आपल्या मनाशीच कारणं शोधत राहिलो.

मागच्या शनिवारी दारावरची बेल वाजली. मयूरा नावाची अठरा वर्षांची मुलगी आली होती, पार मेलबर्नच्या ट्रुगानिनाहून. तिचे आईवडील आधी इथेच राहायचे. वडिलांच्या जुन्या फोनमध्ये तिला त्या गणेशोत्सवातलं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग सापडलं होतं. ती आता स्वतः रॅप करते, आणि मंडळातल्या लोकांना विचारत विचारत ती या पत्त्यावर पोचली होती.

“अंकल, आर यू एमसी खलबत्ता?” तिने विचारलं. “मी समोरच बसले होते. आय वॉज सेव्हन. बाकीची गाणी कुठेच नाहीयेत.”

तिचं हसू माझ्यात होतं. ती बोलायला लागताच मी तिला ओळखलं. प्रल्हादने फळीकडे पाहिलं, अगदी माझ्याकडेच, आणि म्हणाला, “नाही गं. तो माझा रूममेट. तो नागपूरला परत गेला.”

“ओह. नो वरीज,” ती म्हणाली. चहा न घेताच गेली.

स्वयंपाकघरात चित्रलेखा लसणाची चटणी कुटत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. “मग हा खलबत्ता कुणाचा, प्रल्हाद?”

“फालतू होतं गं ते सगळं,” तो म्हणाला.

मित्रांनो, धूळ मी सहन केली. मोज्याचा वास सहन केला. इतकी वर्षं एका शब्दावर बसून राहिलो, त्याचंही काही वाटलं नाही. पण मला ओळखणाऱ्या एकुलत्या एका माणसाने मला ओळख दिली नाही, हे माझ्या मनाला फार लागलं. आणि ती मुलगी तर एवढ्या लांबून आली होती.

आज सकाळी त्याने मला खाली काढलं. टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल माझ्यात घातले. ‘सगळं पुसायचं? होय, नाही’ असं माझ्या पडद्यावर आलं. त्याचा अंगठा ‘होय’वर होता. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने हेडफोन लावले आणि आठवं गाणं सुरू केलं. त्या मुलीच्या हसण्यापर्यंत ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग त्याने अंगठा उचलला, सेल काढून रिमोटमध्ये परत घातले आणि मला बाहेर आणून या खुर्चीवर ठेवलं. ना पुसलं, ना ठेवलं. वळून न बघता तो आत गेला. आतून आता क्रिकेटचा आवाज येतो आहे.

वस्तू जुन्या होतात, त्या टाकाव्या लागतात, त्याची आम्ही तक्रार करत नाही. पण ज्याच्यापाशी तुम्ही मन मोकळं केलं, त्याला चारचौघांत परका म्हणू नका. एवढंच मागणं आहे.

समोर एक गाडी थांबली आहे. दोन मुलं उतरून ढीग चाळताहेत, बहुतेक गादी शोधताहेत. तुमच्यापैकी कुणी मला उचललं, तर दोन पेन्सिल सेल घाला. बारा गाणी आहेत. आठव्याच्या शेवटी एक मुलगी हसते, मयूरा तिचं नाव. तिला ते ऐकवा. आणि सांगा, तो नागपूरला गेलेला नाही.