हात लावू नये

ताईच्या कॉम्प्युटरच्या स्विचशेजारी चिकटपट्टीने कागद लावलेला होता: ‘हात लावू नये’. अक्षर ताईचंच. वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून तिने खुर्ची आडवी घातली होती, आणि टेबलाखाली तीन महिन्यांची धूळ साचली होती. चमचासुद्धा दोनदा पुसून ठेवणाऱ्या बाईच्या घरात ही धूळ! खुर्ची बाजूला करताना तिच्या धाकट्या भावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजारात त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. इतरांनी भंगारात काढलेल्या मशीनवर तो नवी सिस्टीम चढवून दाखवायचा. हाताला यश होतं, आणि खोटं कशाला बोला, त्या यशाचा माजही होता.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे ठरलं, तेव्हा दाजींनी आठवडाभर बसून या मशीनमध्ये रोजची वाक्यं बोलून ठेवली होती. ‘अगं, चष्मा कुठाय?’ ‘भाजीत मीठ नाही.’ ‘झोप आता, पुरे झालं.’ पुढची दोन वर्षं ते माउसने बोलले. भांडलेही माउसनेच. ताई वैतागायची, “तोच टोमणा किती वेळा दाबाल?” ते गेल्यावर मात्र रोज संध्याकाळी ती स्वतःच तो टोमणा दाबून ऐकायची.

मशीन धापा टाकायला लागलं तेव्हा भावाने ते सगळे आवाज एका वेगळ्या डिस्कवर काढले , पहिली डिस्क पुसून कोरी केली आणि तिच्यावर नवी सिस्टीम टाकायला बसला. एरवी तो पेनड्राइव्ह वापरायचा. सिस्टीम कुठे टाकायची हे विचारणारी जी यादी येते, तिच्यात बाकीच्या मशीनवर पेनड्राइव्हच पहिला नंबर पटकावतो आणि खरी डिस्क दुसरी होते, म्हणून डोळे झाकून ‘दोन’ निवडायची हाताला सवय. पण हे मशीन इतकं जुनं, की पेनड्राइव्ह ओळखेचना. सीडी घालावी लागली. सीडी या यादीत येत नाही, त्यामुळे खरी डिस्क एक नंबरला आली. दोन नंबरला दाजी होते.

चूक कळली तोवर अर्धी सिस्टीम त्यांच्यावर चढली होती. तेवढ्यात ताईच्या झाडूत वायर अडकली आणि मशीन बंद पडलं.

“ताई, काय केलंस हे! ऐन वेळेला वायर ओढलीस?”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पुढे दोन दिवस डिस्क घरी नेऊन त्याने जंग जंग पछाडलं. नुसती खरखर हाती लागली. मग पहिल्या डिस्कवर सिस्टीम चढवून त्याने मशीन परत जोडून दिलं. खरं बोलायला तेव्हाही वेळ गेली नव्हती, पण तो गप्प बसला.

आज तीन महिन्यांनी त्याने स्विच दाबला, तर मशीन सुरूच होईना. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला होता, म्हणून मशीन डिस्कच विसरलं होतं. सेल बदलला, डिस्क दाखवून दिली, पाच मिनिटांत पडदा उजळला. ताई अजून दाराबाहेरच उभी होती.

“येऊ का आत? डिस्कवर काही चढवत नाहीये ना ते?”

“ये गं.”

“नको बाबा. माझ्या हातालाच गुण नाही. यांचा आवाज घालवला मी.”

हे त्याला ऐकवेना. “ताई, तू नाही घालवलास. तू वायर ओढलीस त्याच्या आधीच मी पुसला होता. चुकीची डिस्क निवडली. आणि नाव तुझं घेतलं.”

 ताई आत आली, वाकून स्विचशेजारचा कागद नखाने सोडवला आणि त्याची घडी करत राहिली. तो शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तीन महिने,” ती म्हणाली, “रोज सकाळी यांच्या फोटोपुढे उभी राहून माफी मागतेय मी.”

तिने त्याचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट, आणि त्याला फोटोपुढे नेऊन उभं केलं.

“आता तू माग. मोठ्याने माग. मला ऐकायचंय.”

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना.