बेटाची पाटी

मावशीने कोट शिवला तो मोठ्या आत्मविश्वासाने, आणि एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब.

"हात टेबलावर ठेवून बस, कुणाच्या बापाला कळणार नाही," दातांत टाचणी धरून ती म्हणाली. "आणि बक्षीस न घेता आलीस, तर कोट उसवून उशीचे अभ्रे करीन."

अशी मी सतराव्या वर्षी त्या परिषदेला गेले. देशोदेशींची शाळकरी मुलं तिथे जमायची आणि तीन दिवस वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी असल्याचा आव आणायची. स्वतःचा देश कुणालाच मिळत नसे, चिठ्ठ्या टाकून वाटत. माझ्या चिठ्ठीत निघालं एक एवढंसं बेट, समुद्र दरसाल थोडं थोडं गिळत असलेलं. नकाशावर सापडलं तेव्हा डाग समजून मी ते नखाने खरवडून पाहिलं होतं.

प्रत्येकापुढे जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर देशाचं नाव. बोलायचं असेल तर पाटी उभी धरायची. 'मी' म्हणायला बंदी, 'आमचं शिष्टमंडळ' म्हणायचं. पहिल्याच दुपारी शेजारचा चष्मेवाला माझ्या कानाशी लागला, "आमच्या शिष्टमंडळाला जोराची लागलीय, कुणाला विचारायचं?"

आमच्या ठरावात सोळा कलमं होती. नववं माझं. बेट बुडालं तर तिथल्या माणसांना मोठ्या देशांनी जागा द्यावी, आणि गावंच्या गावं एकत्र वसवावीत, विखरू नयेत. दोन दिवस मी त्यावर घसा कोरडा केला. मोठे देश बधेनात.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एका मोठ्या देशाच्या पाटीमागचा लाल टायवाला आला. त्याच्या मागे नऊ मतं होती.

"नववं काढून टाक. ठरावावर पहिलं नाव तुझं."

पहिलं नाव ज्याचं, बक्षीस त्याचं, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं.

जागेवर येऊन मी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं. इंग्रजीत, कारण तीन दिवस विचारसुद्धा इंग्रजीत करायचा, असं आमच्या सरांचं फर्मान होतं. 'नववं गेलं. पहिलं नाव माझं. चार घरांचं बेट, ओरडणार कोण?' खाली एक हसरा मासा काढला. चष्मेवाल्याला दाखवला. तो फिसकन हसला.

ठराव मंजूर झाला. बक्षीस मला. 'समंजस वाटाघाटींसाठी' असं परीक्षकबाईंनी वाचून दाखवलं, आणि सरांनी टाळ्या अशा वाजवल्या की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं.

सगळे सामान आवरत होते, तेव्हा खिडकीजवळची मुलगी आली. तीन दिवस ती कुठल्याशा बलाढ्य देशाच्या पाटीमागे गप्प बसून होती.

"ही पाटी तुला नको असेल तर मला देशील?"

"तू काय करणार तिचं?"

"मी तिथलीच आहे," ती म्हणाली. "आजोबांना दाखवीन. आमचं नाव एवढ्या मोठ्या टेबलावर होतं म्हणून."

बक्षीस हातात आलं की माणूस फार उदार होतो. "घे ना, घे!" म्हणत मी पाटी तिच्या हातात कोंबली. तिने नावावरून बोट फिरवलं. पिशवीत सरकवताना पाटी उलटली, आणि मला मासा दिसला.

तिने सावकाश वाचलं. दोनदा.

"ते आपलं असंच... खेळात लिहिलं गं," मी म्हणाले.

"माहितीये. तुझ्या ठरावाला मीही खेळातच हात वर केला. माझ्या चिठ्ठीतल्या देशाला तो हवा होता." मग साधं काहीतरी दुरुस्त करावं तशी म्हणाली, "चार घरं नाहीत. आमच्या एका गल्लीतच अकरा आहेत."

माझे कान तापले. "दे इकडे, मी दुसरी करून देते. स्वच्छ."

"नको. टेबलावर हीच होती ना."

कोपरे दुमडू नयेत म्हणून तिने पाटी दोन वह्यांच्या मध्ये ठेवली आणि गेली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

घरी मावशीने बक्षीस शिवणयंत्राशेजारी मांडलं. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईंना उभ्या उभ्या सगळं ऐकवलं, बाहीसकट. बाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "मग, त्या बेटाचं काय केलंस गं?"

मी हात लांब बाहीत ओढून घेतला.

बाई गेल्यावर म्हणाले, "मावशी, कोट उसव. अभ्रेच कर."

तिने तोंडातली टाचणी काढली. "काय करून आलीस?"

मी सांगितलं. कलम, लाल टायवाला, पाटी, ती मुलगी. तिने बक्षिसावर कापडाचा तुकडा टाकला. पाटीच्या मागे काय लिहिलं होतं, ते मात्र मी तिलाही सांगितलं नाही. "काहीतरी वेडंवाकडं खरडलं होतं," एवढंच म्हणाले.

मावशी गेली, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. पाटीमागचं ते वाक्य मी त्यानंतर आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.