चिंधीचं माप

चिंधी पाणी ढोसत होती आणि सासूबाई खुशीत होत्या. "दोन जिवांची आहे गं, तहान लागणारच," त्या म्हणाल्या. मी मशीनवर कॉलर बसवत होते. मला ते पाणी पिणं काही बरं दिसत नव्हतं. भांडं भरलं की रिकामं, आणि खाण्याकडे मात्र ढुंकून बघणं नाही.

चिंधी म्हणजे आमची कुत्री. आमच्या शिवणाच्या दुकानात कात्रणांच्या पोत्यात कुणीतरी पिल्लू टाकून गेलं, म्हणून हे नाव. ती जरा मोठी झाल्यापासून मी कानीकपाळी ओरडत होते, हिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण! "एकदा आई होऊ दे तिला, मग कर काय ते," हे सासूबाईंचं पालुपद. घरातल्या टाचणी नावाच्या मांजरीच्या बाबतीतही तेच. मग मध्यंतरी माजावर असताना चिंधी दार उघडं मिळताच पळाली, दुसऱ्या दिवशी चिखलात लोळून परत आली, आणि आता पोट वाढलं होतं. सासूबाईंनी उरलेल्या मऊ कापडाची दुपटीसुद्धा शिवली. गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत तसेच, आणि या बाई पिल्लांच्या दुपट्यांना गोट लावतायत!

त्या दुपारी चिंधी उठेना. मी तिच्याखालचं फडकं ओढलं. पिवळट तपकिरी डाग, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला.

"आई, हे बाळंतपण नाही."

"अगं, पाणी सुटलं असेल," त्या म्हणाल्या, पण फडक्याकडे बघायला तयार नव्हत्या. तरी निघताना दुपटी पिशवीत घेतलीच. न जाणो, वाटेतच झाली तर!

कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी तिला उराशी धरून पळाले. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, मग परत एकदा फिरवलं.

"पिल्लं नाहीत," त्या म्हणाल्या. "गर्भाशयात पू भरलाय. आत्ताच्या आत्ता गर्भाशयच काढायला हवं."

"म्हणजे तेच ऑपरेशन?" मी विचारलं.

"तेच. लहानपणी केलं असतं तर संध्याकाळी चालत घरी गेली असती, आणि हा आजार झालाच नसता. आता अंगात विष भिनलंय. भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही. आणि टाके चाटायला नको, पोटावर बांधायला एखादं स्वच्छ कापड असेल तर ठेवा."

त्या चिंधीला आत घेऊन गेल्या आणि दार बंद झालं. सासूबाई बाकावर बसल्या त्या बसल्याच. मला इतका राग आला होता की दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं, पण डोळे त्या बंद दारावरून हलत नव्हते. आत काहीतरी धातूचं खणकन वाजलं आणि आम्ही दोघी एकदम दचकलो.

मग त्यांनी पिशवीतून कात्री काढली. सुई, दोरा, कात्री घेतल्याशिवाय ही बाई स्वर्गातसुद्धा जायची नाही. दुपटं मांडीवर पसरलं, पायांसाठी चार भोकं कापली, पाठीवर बंद लावायला घेतले. मापाची पट्टी नाही. त्यांना ती कधीच लागली नाही. गिऱ्हाईक दारातून आत आलं की यांच्या डोळ्यांत माप भरलेलं असतं. दोरा मात्र सुईत जाईना. तो मी ओवून दिला. मनात एकच भीती घोळत होती: हे घालायला कुणी उरलं नाही तर?

दार उघडलं.

"जिवंत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण धोका अजून टळलेला नाही. आज इथेच राहू दे."

चिंधी टेबलावर आडवी होती, जीभ बाहेर. सासूबाईंनी हलक्या हाताने तिला ते घातलं, पाठीवर बंद बांधले. कापड दोन्ही बाजूंनी गोणपाटासारखं लोंबलं. उभ्या जन्मात यांचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मी त्या पोटाचं माप धरलं गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "पुवाचं माप धरून बसले मी. दुपटी शिवत बसले." आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांचे खांदे धरले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, परत सुई उचलली आणि चिंधीच्या अंगावरच बाजूची शिवण आत घ्यायला लागल्या. एक टाका घालायच्या, थांबायच्या, तिचा श्वास चालतोय ना ते बघायच्या, मग पुढचा टाका.

"तू घरी जा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "टाचणीला घेऊन ये. डॉक्टर सांगतील त्या दिवसाचा नंबर लावू."

"अहो आई, तिला काय झालंय? ती चांगली धडधाकट आहे."

"म्हणूनच म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या, आणि चिंधीच्या छातीवर हात ठेवून पुन्हा श्वास मोजायला लागल्या.