अळूचं पाणी

मेधाला फ्लॅट दाखवला तेव्हा मी सगळं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. वन बीएचके, भाडं अकरा हजार, डिपॉझिट चाळीस, करार अकरा महिन्यांचा, सोडताना रंगाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार.

"आणि पाणी, काकू?"

"पाण्याचं काय इचारता? धरण हाय की म्होरं."

कासारसाईचं धरण आमच्या गच्चीवरून दिसतं, हे खोटं नाही. ते आमच्या टाकीत येत नाही, एवढंच मी बोलले नाही.

एप्रिलात बोअर आटली. हजाराचा टँकर, आणि टाकी दीड दिवसात रिकामी. आम्ही तळमजल्यावर; मधल्या मजल्यावर कंपनीतली एकटी पोरं, दिवसभर बाहेर. म्हणजे पाणी जातंय ते वरच्यांकडं, असं मी ठरवून टाकलं. मेधा, तिचा नवरा दयानंद, छोटी जुईली, आणि महिन्यापूर्वी लातूरहून आलेली मेधाची आई, आशालताबाई. हे चौथं माणूस करारात नव्हतं.

गच्चीवर प्रत्येक घराच्या पाण्याचा कॉक वेगळा आहे. दहाला मेधा-दयानंद हिंजवडीला गेले की मी वर जायची, त्यांचा कॉक बंद करायची, पाचला सोडायची. ह्यांनाही सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: प्रेशर न्हाई.

कुणी विचारलं नाही. आशालताबाई गुडघा धरत, बादली घेऊन खाली अंगणातल्या नळावर आल्या. मला बघवेना. "मावशी, ऱ्हाऊ द्या, मी आणते," म्हणत मी बादली दोन मजले चढवली. मीच तोडलेलं पाणी मीच पोचवत होते.

"अशी घरमालकीण मिळायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. आज लिहिताना त्याचीच जास्त लाज वाटते.

एक तारखेला मेधानं भाड्यासोबत हजार जास्त दिले. "आई आलीय ना काकू, आमच्यामुळे टँकर वाढले असतील. सॉरी हं."

"कशाला गं," मी म्हणाले. परत मात्र दिले नाहीत.

त्याच आठवड्यात मी त्यांना अळूची जुडी दिली. घरामागं अळू नुसतं माजलं होतं, सुपाएवढी पानं. दुसऱ्या दिवशी बादलीला आलेल्या आशालताबाई मागं डोकावल्या.

"भर उन्हाळ्यात एवढं अळू? आमच्याकडं या दिवसांत दारची तुळस जगवायची पंचाईत. हे कुठलं पाणी पितंय बाई?"

"मोरीचं" म्हणायला मी तोंड उघडलं आणि आठवलं, मोरी तर दोन वर्षांपूर्वीच ड्रेनेजला जोडली.

त्या वर गेल्यावर मी पानांच्या बुडाशी हात घातला. मनगटापर्यंत गार चिखल. टाकीतून आमच्याच घरात उतरणाऱ्या पाइपाचा सांधा सुटला होता. टँकरच्या टँकर अळू पीत होतं, आणि मी माझ्या हाताला गुण आहे म्हणून गावभर जुड्या वाटत होते.

प्लंबरनं दहा मिनिटांत सांधा बसवला. टाकी चार दिवस पुरली. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. दोन दिवस गप्प बसलेही. तिसऱ्या दिवशी हजार रुपये घेऊन वर गेले.

"मावशी, हे मेधाचे. अन् दिवसाचं पाणी आपसूक जात नव्हतं. तुमचा कॉक मीच बंद करत हुते."

त्या गवार मोडत होत्या. "ठाऊक आहे. दहाला डोक्यावर तुमची चप्पल वाजायची, मग नळ थांबायचा."

"मग बोलला का न्हाईत?"

"पोरीला सांगितलं असतं तर तिनं दुसरं घर बघितलं असतं. परत एजंटला महिन्याचं भाडं, परत डिपॉझिट, परत टेम्पो. दोन वर्षांत हे तिसरं घर आहे, बाई. जुईली आत्ता कुठं रुळलीय. माझा गुडघा काय, तसाही दुखतो."

"अन् मला चांगलं म्हणालात ते?"

"बादली तर आणत होतात ना."

पैसे घेऊन त्यांनी डब्याखाली ठेवले. बसा म्हणाल्या नाहीत.

सांधा बसल्यापासून अळू पिवळं पडत चाललंय. आशालताबाई रोज तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवतात, दोन मजले उतरून अळूला घालतात. मी बादली घ्यायला पुढं होते. त्या देत नाहीत.